पुरात बुडालेले जुने वेल्डिंग मशीन दुरुस्त करताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा नृसिंहवाडीच्या संगमाभोवतीच्या शिरोळ तालुक्यातील कितीतरी गावांत पाणी शिरले. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्याचे आमचे शेड पाच दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर ३०० अँपिअरचे जुने, दोन फेजवर चालणारे वेल्डिंग मशीन बाहेर काढले, तर कव्हरच्या पत्र्यावर मातकट रेघ उमटलेली आणि आत बोटभर गाळ बसलेला होता. ते मशीन आजही चालते. शेजारच्या शेडमधले तसेच एक मशीन मात्र दोन दिवस उन्हात ठेवून तिसऱ्या दिवशी चालू केले गेले आणि पाच मिनिटांत जळाले. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो, शेतकरी ट्रॉली आणून उभी करतात, त्यामुळे घाई होते हे समजण्यासारखे आहे. तरीही आतली वाइंडिंग (तारेचे वेढे) वाळली आहे हे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर, दिसेपर्यंत मशीनला वीज द्यायची नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. पुढची सगळी कृती या एका नियमासाठीच आहे.

कोणत्या मशीनसाठी

हे मार्गदर्शन जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या मशीनसाठी आहे, म्हणजे हाताने चाक फिरवून किंवा टॅपिंगची (वाइंडिंगमधून मध्येच काढलेल्या तारांच्या जोडणीची) पिन बदलून करंट कमी-जास्त करता येणाऱ्या जड मशीनसाठी. डायोड बसवून एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर सेटलाही यातले बहुतेक लागू पडते. खांद्याला अडकवून नेता येणारे इन्व्हर्टर मशीन ही निराळी जात आहे. त्यातील सर्किट बोर्डांच्या बारीक जोडांत गाळ शिरतो आणि कपॅसिटरमध्ये काही वेळ विजेचा जीवघेणा दाब (व्होल्टेज) टिकून राहतो, म्हणून नवशिक्याने ते उघडू नये.

जुन्या मशीनच्या पोटात लोखंडी पट्ट्यांचा कोअर, पुरवठ्याच्या बाजूची बारीक तारेची वाइंडिंग म्हणजे प्रायमरी, वेल्डिंगच्या बाजूची जाड पट्टीची वाइंडिंग म्हणजे सेकंडरी आणि या सगळ्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे कागद, सुती टेप, प्रेसबोर्ड आणि वार्निश यांचे इन्सुलेशन असते. तांबे आणि लोखंड यांचे पाच दिवसांच्या पाण्याने फारसे बिघडत नाही. कोअरवर तांबूस गंज दिसतो, तो बहुतेक वेळा वरवरचाच असतो. पाणी पिते ते इन्सुलेशन. ओल्या कागदातून ४१५ व्होल्टचा दाब वाट काढतो, त्या वाटेवर कोळसा होतो आणि एकदा कोळशाची वाट तयार झाली की नंतर कितीही वाळवले तरी ती जात नाही. शेजारच्या मशीनचे नेमके हेच झाले. ती वाइंडिंग वरून हाताला कोरडी लागत होती, पण कोअरलगतच्या आतल्या थरात ओल शिल्लक होती.

हात लावण्यापूर्वी

मशीनच्या आधी शेडच्या विजेकडे पाहावे. बुडालेला मीटर, मेन स्विच, किटकॅट फ्यूज आणि बोर्ड यांची तपासणी परवानाधारक वायरमनकडून झाल्याशिवाय आणि मीटर बुडाला असल्यास महावितरणला कळवल्याशिवाय शेडमध्ये पुरवठा घेऊ नये. मशीनची इनपुट केबल स्विचपासून पूर्णपणे सोडवून तिची टोके आपल्या नजरेसमोर राहतील अशी ठेवावीत, कारण केवळ स्विच बंद केला आहे हा भरवसा पुरेसा नसतो. जुन्या मशीनला पॉवर फॅक्टरसाठी डब्यासारखा कपॅसिटर जोडलेला असला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये काही सेकंद २०० वॉटच्या बल्बांची जोडी सिरीजमध्ये धरून तो रिकामा करावा आणि मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत अनेक वर्कशॉपमध्ये दिसते, पण त्यात डोळ्यालाही इजा होऊ शकते आणि कपॅसिटरचेही नुकसान होते. पाण्यात बुडालेला कपॅसिटर मी परत वापरत नाही.

कव्हर काढण्यापूर्वी आणि काढल्यावर मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत. टॅपिंगची कोणती तार कोणत्या बोल्टला होती हे दोन दिवसांनी आठवत नाही. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक लिहिणे त्याहून चांगले.

पुन्हा धुणे

आधीच भिजलेले मशीन परत पाण्याने धुवायचे हे नव्या माणसाला पटत नाही. पण गाळ वाळला की तो वाइंडिंगच्या दोन थरांमधल्या वाऱ्याच्या फटींत दगडासारखा घट्ट होतो, हवेतली ओल धरून ठेवतो आणि पुढे मशीन गरम होण्याचे कायमचे कारण बनतो. म्हणून गाळ ओला असतानाच काम सुरू करावे. पाणी उतरल्यावर लगेच वेळ मिळणार नसेल, तर मशीनवर ओले पोते टाकून ठेवलेले परवडते.

धुण्यासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी न वापरता शक्य तितके गोडे, स्वच्छ पाणी घ्यावे. साध्या नळीने, वरून खाली आणि मग मशीन कलते करून खालून वर, असे पाणी सोडत राहावे. सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशर पंप वापरू नये, कारण त्याचा फवारा जुने ठिसूळ टेप उचकटतो आणि गाळ आणखी आत ढकलतो. फटींसाठी सायकलच्या स्पोकला कापडाची चिंधी गुंडाळलेली काडी उपयोगी पडते. टोक उघडे ठेवू नये, नाहीतर वार्निश खरवडले जाते. पुराच्या पाण्यासोबत डिझेल किंवा ऑइल आले असेल, तर कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून मऊ ब्रशने तवंग काढावा आणि ती पावडर पूर्णपणे निघेपर्यंत पुन्हा धुवावे. खाली पडणारे पाणी स्टीलच्या भांड्यात धरून पाहावे. ते पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ दिसू लागले की थांबावे. आमच्या मशीनला याला जवळजवळ तीन तास लागले.

कोकणात खाडीलगतच्या गावांत पुराच्या पाण्यात भरतीचे खारे पाणी मिसळते. तेथे हे धुणे दोन वेळा, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून करावे. मिठाचा थर राहिला तर मशीन दुपारच्या उन्हात कोरडे आकडे दाखवते आणि पहाटेच्या दमट हवेत तेच आकडे कोसळतात.

वाळवणे

धुतल्यावर ब्लोअरच्या साध्या हवेने फटींतले पाणी बाहेर काढावे. त्यानंतरचे वाळवणे हे उष्णतेचे आणि वेळेचे काम आहे. ऑगस्टच्या दमट हवेत नुसत्या उन्हावर विसंबून राहता येत नाही. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील ओव्हन, पण पुरानंतर तेथे पंपांची रांग लागलेली असते. आम्ही जुन्या पत्र्यांची पेटी करून त्यात ५०० वॉटचे दोन हॅलोजन दिवे खालच्या बाजूला बसवले, तळाशी हवा आत येण्यासाठी आणि वर वाफ बाहेर जाण्यासाठी हाताएवढी छिद्रे ठेवली आणि मशीन विटांवर उचलून ठेवले. दिव्यांची थेट झळ वाइंडिंगवर पडू नये म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा आडवा लावला. अशी पेटी रात्री एकटी सोडू नये. आमच्याकडे पाळ्या लावल्या होत्या.

तापमान वाइंडिंगला टेकवलेल्या थर्मामीटरवर पाहावे. जुने सुती-कागदी इन्सुलेशन १०५ अंशांच्या वर्गातले असते, त्यामुळे ८० ते ८५ अंश सेल्सिअस ही आपली मर्यादा समजावी. तेथपर्यंतही तासाला साधारण १० अंश अशा बेताने जावे. एकदम तापवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशनचे थर फुगतात. काही जुने कारागीर सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरीला कमी दाब देतात आणि वाइंडिंगच्याच उष्णतेने ती वाळवतात. पद्धत चुकीची नाही, परंतु ती ओल्या इन्सुलेशनला वीज देण्याची पद्धत आहे, म्हणून पहिल्यांदाच काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मेगरचे आकडे

मल्टिमीटरने इन्सुलेशन तपासता येत नाही, कारण त्याचा दाब फार कमी असतो. ५०० व्होल्टचा मेगर लागतो. स्वतःकडे नसल्यास वायरमनकडून किंवा रिवाइंडिंगवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणावा. रेक्टिफायर सेट असेल तर मेगर लावण्यापूर्वी डायोड, कंट्रोल कार्ड आणि कपॅसिटर सोडवून ठेवावेत, अन्यथा मेगरच्या दाबाने तेच जातील. तीन मोजमापे घ्यावीत: प्रायमरी ते बॉडी, सेकंडरी ते बॉडी आणि प्रायमरी ते सेकंडरी. प्रत्येक वेळी पूर्ण एक मिनिट मेगर चालू ठेवून आकडा घ्यावा आणि नंतर ते टोक बॉडीला लावून साठलेला भार काढून टाकावा.

येथे नवा माणूस हमखास घाबरतो, म्हणून आमचे आकडे देतो. पेटीत ठेवण्यापूर्वी प्रायमरी ते बॉडी ०.२ मेगओहम होते. सहा तास तापवल्यावर ते वाढण्याऐवजी ०.०५ वर आले. मशीन गेलेच असे त्या रात्री आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात उष्णतेने इन्सुलेशनचा रोध कमीच होतो, ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मा, आणि त्याच वेळी आत दडलेली ओल पृष्ठभागाकडे सरकत असते, त्यामुळे सुरुवातीला आकडा खाली जाणे हे वाळण्याचेच लक्षण आहे. चौदाव्या तासाला ०.४, चोविसाव्या तासाला ३ आणि छत्तिसाव्या तासाला ११ असे ते चढत गेले. चव्वेचाळीस आणि अठ्ठेचाळीस तासांना आकडा १२ वरच थांबला. तापमान स्थिर असताना चार-सहा तास आकडा हलला नाही, की वाळवण पूर्ण झाली असे समजावे. आकडा चढत असताना समाधानकारक दिसला म्हणून पेटी बंद करणे ही दुसरी नेहमीची चूक आहे.

मशीन थंड झाल्यावर तोच आकडा ३०० च्या वर गेला. आयईसी ६०९७४-४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वापरातील वेल्डिंग मशीनसाठी पुरवठ्याची आणि वेल्डिंगची बाजू यांच्यात किमान ५ मेगओहम आणि त्यांतील प्रत्येक बाजू व बॉडी यांच्यात किमान २.५ मेगओहम असावे लागतात. पुरातून निघालेल्या मशीनकडून थंड अवस्थेत याच्या दहापट तरी मिळाल्याशिवाय मी पुढे जात नाही. हे माझे स्वतःचे माप आहे, मानकाचे नाही. अठ्ठेचाळीस तासांनंतरही एक मेगओहमच्या वर न जाणारे मशीन रिवाइंडिंगला द्यावे. तांब्याची वाइंडिंग असेल तर तो खर्च बहुधा परवडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वाइंडिंगवर पांढरी भुकटी फुटलेली दिसली, तर मात्र जोडांपाशी तार आतून खाल्ली गेली आहे का हे पाहिल्याशिवाय पैसे घालू नयेत.

वार्निश आणि किरकोळ भाग

वाइंडिंग कोमट असतानाच, साधारण ५० ते ६० अंशांवर, हवेत वाळणारे इन्सुलेटिंग वार्निश वरून ओतून खाली भांड्यात धरावे आणि तेच पुन्हा ओतावे. कोमट वाइंडिंगमध्ये ते आतपर्यंत झिरपते. फर्निचरचे वार्निश किंवा ऑइल पेंट येथे चालत नाही. ओल शिल्लक असताना दिलेले वार्निश ती ओल आत कोंडते, म्हणून हे काम मेगरच्या आधी कधीही करू नये. वार्निशच्या वाफा पेटतात, त्यामुळे हॅलोजनची पेटी त्या वेळी बंद आणि दूर असावी. त्यानंतर पूर्ण एक दिवस मशीन उघड्या हवेत ठेवावे.

टर्मिनलची बेकलाइट पट्टी काढून उजेडात तिरकी धरावी. दोन बोल्टांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती खरवडून भागत नाही. ग्लास इपॉक्सीच्या शीटमधून नवी पट्टी कापून घ्यावी. बोल्ट, वॉशर आणि लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) पॉलिश पेपरने चकचकीत करावेत. करंट कमी-जास्त करणारा स्क्रू आणि सरकणारा कोअर यांतील गंज रॉकेलने सैल करून ग्रीस द्यावे. गंज काढण्याचा कोणताही स्प्रे वाइंडिंगवर उडू देऊ नये.

वेल्डिंग केबलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बारीक तारांच्या पेंढीतून पाणी दिव्याच्या वातीसारखे आत चढत जाते. लग कापून रबर सोलावे. तारा काळ्या दिसल्या, तर वीतभर आणखी कापावे आणि लालसर तांबे दिसेपर्यंत असेच मागे जावे. आमची एक केबल चार फूट कापावी लागली. होल्डरचे फायबर पाणी पिते आणि तो भिजलेल्या हातमोज्यात धरला जातो, म्हणून होल्डर सरळ नवा घ्यावा. इनपुट केबलही अर्थिंगच्या तारेसह नवी टाकावी. पंखा असलेल्या मशीनचे बेअरिंग बदलावे आणि पंख्याच्या मोटारीची वाइंडिंगही मेगरवर पाहावी. रेक्टिफायर सेटमधील प्रत्येक डायोड सुटा करून मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासावा: एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच न दाखवणारा डायोड चांगला.

पहिल्यांदा वीज देणे

हे काम वायरमन सोबत असताना करावे. मशीनची बॉडी अर्थिंगला जोडलेली असावी, वेल्डिंगच्या केबल सोडवून सेकंडरी मोकळी ठेवावी आणि मशीनपासून दोन पावले दूर उभे राहून स्विच द्यावा.

४१५ व्होल्टच्या दोन फेजच्या मशीनला सुरुवातीला थेट ४१५ व्होल्ट देऊ नयेत. त्याच प्रायमरीला एमसीबीमधून (जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) फक्त २३० व्होल्ट द्यावे आणि फेजच्या तारेत १००० वॉटचा हॅलोजन सिरीजमध्ये घ्यावा. निर्दोष मशीनला हॅलोजन क्षणभर चमकून मंद होतो किंवा विझल्यासारखा दिसतो. तो पूर्ण प्रकाशाने जळत राहिला, तर वेढ्यांमध्ये शॉर्ट आहे आणि तेथेच थांबावे. सर्व ठीक असल्यास हॅलोजन काढून २३० व्होल्टवरच सेकंडरीचा दाब मोजावा. पूर्ण पुरवठ्यावर ७५ व्होल्ट देणारे मशीन या वेळी ४१ ते ४२ व्होल्ट दाखवते, कारण २३० हे ४१५ च्या सुमारे ५५ टक्के आहेत. आकडा बराच कमी आला, तर टॅपिंगच्या तारा फोटोशी ताडून पाहाव्यात.

अर्धा तास असे ठेवून हाताला ऊब, नाकाला वास आणि कानाला गुरगुर यांत काही वावगे नसेल, तर पुरवठा बंद करून मशीन ४१५ व्होल्टवर जोडावे. क्लॅम्प मीटरवर दिसणारा बिनभाराचा प्रवाह स्थिर आहे ना, एवढे पाहावे. तो हळूहळू चढत असेल तर लगेच बंद करावे. ७५ व्होल्टवर ३०० अँपिअर देताना हे मशीन पुरवठ्यातून सुमारे ५४ अँपिअर घेते, त्यामुळे बुडालेल्या स्विचचे गंजलेले पाते येथेच तापून कामाला नाट लावते. तेही बदललेले असावे.

वेल्डिंगची सुरुवात २.५ मिलिमीटरच्या रॉडने, ६० ते ९० अँपिअरवर, भंगाराच्या पट्टीवर करावी. पाच-सहा रॉड जाळून थांबावे, मशीन थंड होऊ द्यावे, पुन्हा मेगर घ्यावा. आकडा टिकला तर दुसऱ्या दिवशी ३.१५ चा रॉड लावावा. ट्रॉलीच्या चेसिसचे जाड काम निदान आठवडाभर या मशीनवर घेऊ नये, मग ट्रॉलीवाला कितीही ताटकळो.

ऑइल कूल्ड मशीन

टाकीत तेल असलेल्या मशीनमध्ये पाणी गेले असेल तर ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. वरून तेल स्वच्छ दिसते म्हणून फसू नये. खालचा ड्रेन प्लग सैल करून पहिले लिटरभर बाटलीत घ्यावे आणि तासभर उभे ठेवून दोन थर पडतात का ते पाहावे. थर पडला नाही, तरी गरम तव्यावर चार थेंब टाकून तडतड ऐकू येते का हे पाहता येते. तडतडले तर पाणी आहे. असे तेल गाळून परत भरू नये. चेन पुलीने कोअर बाहेर काढून वाइंडिंग वर सांगितल्याप्रमाणे वाळवावी, टाकी पूर्ण पुसावी आणि नवे ट्रान्सफॉर्मर ऑइल भरावे. काढलेले तेल शेतात, ओढ्यात किंवा चुलीत जाऊ देऊ नये. वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे ते द्यावे.

पुढचे काही महिने

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी मशीन चालू करण्यापूर्वी, मेगर घ्यावा. पावसाळी सकाळचा आकडा दुपारच्या आकड्यापेक्षा कमी येणे स्वाभाविक आहे. पण एका सकाळहून दुसऱ्या सकाळी तो सतत उतरत असेल, तर आत मीठ किंवा गाळ राहिला आहे आणि धुण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. आकडे वहीत लिहिले की वही हरवते, म्हणून मी ते कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने तारखेसह लिहितो. ऑगस्ट २०१९ पासूनचे सगळे आकडे तेथे आहेत. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली, तेव्हाच्या तारखेसमोर आकडा नाही. 'चेन पुलीने गर्डरला टांगले होते' एवढेच लिहिले आहे.